संरक्षण कोणाचे? आयात-निर्बंध आणि भ्रष्टाचार यांचा परस्परसंबंध : न्हावा-शेवा ते श्रीवर्धन

सारांश

देशी उत्पादकाला परकीय स्पर्धेपासून संरक्षण देण्यासाठी शासन आयातशुल्क, परवाने, कोटा, किमान आयात किंमत इत्यादी साधने वापरते. या साधनांमुळे एकाच वस्तूच्या देशाबाहेरील व देशातील किमतींत अंतर पडते. हे अंतर ज्याच्या निर्णयावर अवलंबून असते, त्याच्या निर्णयाला बाजारभाव येतो. प्रस्तुत लेखात हा संबंध प्रथम सैद्धांतिक पातळीवर स्पष्ट केला आहे. त्यानंतर परवाना-राजवट, सोन्याची तस्करी व सुपारीची आयात या तीन उदाहरणांच्या आधारे त्याची तपासणी केली आहे. भ्रष्टाचाराचे प्रमाण संरक्षणाच्या केवळ उंचीवर नव्हे, तर त्याच्या स्वरूपावर अवलंबून असते आणि संरक्षणातील गळतीची खरी किंमत ज्याच्या नावाने ते दिले जाते त्या उत्पादकालाच मोजावी लागते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : संरक्षणवाद, आयातशुल्क, अनर्जित लाभ, स्वेच्छाधिकार, किमान आयात किंमत, सुपारी.

१. प्रस्तावना

उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. मुंबई बंदरावरील ताण कमी करण्यासाठी उभारलेल्या या बंदरातून पुढे देशातील प्रमुख बंदरांच्या एकूण कंटेनर वाहतुकीचा जवळपास निम्मा हिस्सा हाताळला जाऊ लागला. उरण, द्रोणागिरी, पनवेल या परिसरात उभी राहिलेली कंटेनर गोदामे, क्लिअरिंग एजंटांची कार्यालये आणि महामार्गावरील ट्रेलरच्या रांगा हे नवी मुंबईकरांच्या नित्याच्या परिचयाचे दृश्य आहे. आपल्या महाविद्यालयांतील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना 'आंतरराष्ट्रीय व्यापार' हा विषय पाठ्यपुस्तकातून शिकवला जातो. परंतु त्या विषयाची प्रयोगशाळा घरापासून काही किलोमीटरवर आहे, याची जाणीव अभ्यासक्रमात क्वचितच डोकावते.

ज्या रायगड जिल्ह्यात हे बंदर आहे, त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला श्रीवर्धन आहे. तेथील रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातील सुपारीच्या बागा मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाल्या. सुपारीचे रोप लावल्यापासून उत्पन्न हाती येईपर्यंत साधारणतः सहा-सात वर्षे जातात. म्हणजे वादळानंतर पुन्हा लागवड करणाऱ्या बागायतदाराने इतक्या दीर्घ काळानंतरच्या बाजारभावावर विश्वास टाकलेला असतो. हा भाव टिकावा म्हणून भारत सरकारने सुपारीच्या आयातीवर १०० टक्के मूळ सीमाशुल्क ठेवले आहे आणि त्याशिवाय किमान आयात किंमतही ठरवून दिली आहे. तरीही परदेशी सुपारी देशात बेकायदा मार्गाने येत असल्याच्या तक्रारी व तपासयंत्रणांच्या कारवाया वारंवार समोर येतात.

कागदावर संरक्षण भक्कम आहे, पण प्रत्यक्षात ते बागायतदारापर्यंत पोहोचत नाही. ही विसंगती का निर्माण होते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. येथे मुक्त व्यापार श्रेष्ठ की संरक्षण श्रेष्ठ, या जुन्या वादाचा निवाडा करावयाचा नाही. संरक्षण द्यावयाचे ठरल्यावर ते कोणत्या स्वरूपात दिल्यास कमी गळते, एवढाच मर्यादित विचार येथे केला आहे.

२. संरक्षणाची वैचारिक परंपरा

महाराष्ट्रात संरक्षणाच्या कल्पनेला प्रतिष्ठेची परंपरा आहे. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात दिलेल्या व्याख्यानात अभिजात अर्थशास्त्राचे नियम भारताला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, असे मत मांडले आणि औद्योगिक विकासात शासनाच्या सक्रिय भूमिकेचे समर्थन केले. त्यांच्या विवेचनावर जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिख लिस्ट यांच्या विचारांचा प्रभाव होता. ही भूमिका केवळ पुस्तकी नव्हती. मँचेस्टरच्या गिरणीमालकांच्या दबावाखाली १८९६ साली भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादनशुल्क लादले गेले होते. आयात कापडावरील तेवढ्याच शुल्काचा देशी गिरण्यांना लाभ होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. मुंबईच्या गिरणी उद्योगाच्या मनात सलणारे हे शुल्क १९२५-२६ मध्ये रद्द झाले. तत्पूर्वी सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील राजकोषीय आयोगाने १९२२ साली 'विवेकी संरक्षण' हे तत्त्व सुचवले होते. नैसर्गिक अनुकूलता असलेल्या, संरक्षणाविना वाढू न शकणाऱ्या आणि कालांतराने स्वतःच्या पायावर उभ्या राहू शकणाऱ्या उद्योगालाच संरक्षण द्यावे, अशा त्याच्या तीन अटी होत्या.

या इतिहासाचा उल्लेख अशासाठी की, संरक्षणाची मागणी मुळात अप्रामाणिक नसते. आयोगाच्या तिसऱ्या अटीत संरक्षणाची मुदतही गृहीत धरलेली होती. स्वातंत्र्योत्तर काळात संरक्षणाचा विस्तार झाला, परंतु ही अट मात्र विसरली गेली.

३. किमतींतील अंतर व अनर्जित लाभ

एखाद्या वस्तूची जागतिक किंमत १०० रुपये आहे आणि आयातीवरील निर्बंधांमुळे देशात ती २०० रुपयांना विकली जाते, असे मानू. येथे १०० रुपयांचे अंतर कोणाच्याही उत्पादक श्रमातून निर्माण झालेले नसून ते नियमातून निर्माण झाले आहे. निर्बंध शुल्काच्या रूपात असतील तर हे अंतर, किमान तत्त्वतः, सरकारी तिजोरीत जमा होते. निर्बंध परवान्याच्या वा कोट्याच्या रूपात असतील तर ते परवानाधारकाच्या खिशात जाते. साहजिकच परवाना मिळवण्यासाठी व्यापारी या १०० रुपयांपैकी काही भाग खर्च करण्यास तयार असतो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅन क्रूगर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या धडपडीचे विश्लेषण केले. मराठीत आपण तिला 'अनर्जित लाभासाठीची स्पर्धा' म्हणू. क्रूगर यांच्या अंदाजानुसार १९६४ साली भारतात विविध नियंत्रणांतून निर्माण झालेला असा लाभ राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के होता आणि त्यात सर्वांत मोठा वाटा आयात परवान्यांचा होता. तुर्कस्तानात १९६८ साली केवळ आयात परवान्यांपासूनचा लाभ राष्ट्रीय उत्पादनाच्या सुमारे १५ टक्के असल्याचे त्यांनी दाखवले. मुंबईत जन्मलेले व सिडनहॅम महाविद्यालयात शिकलेले जगदीश भगवती यांनी १९८२ मध्ये ही संकल्पना अधिक व्यापक केली. नफा देणारी पण प्रत्यक्षात काहीच न उत्पादणारी कृत्ये, असा एक संपूर्ण वर्गच त्यांनी वेगळा काढला. परवान्यासाठी दिल्लीच्या फेऱ्या, मध्यस्थांची मेजवानी, राजकीय देणग्या आणि लाच ही सर्व त्या वर्गातील कृत्ये होत.

संरक्षणाची किंमत मोजताना पाठ्यपुस्तके ग्राहकाने भरलेली जादा किंमत व उत्पादनातील अकार्यक्षमता यांची बेरीज करतात. क्रूगर व भगवती यांच्या मते त्यात या धडपडीत वाया गेलेली साधनसामग्रीही मिळवावी लागते.

४. पहिले उदाहरण : परवाना-राजवट

स्वातंत्र्याच्या वर्षीच म्हणजे १९४७ साली आयात-निर्यात नियंत्रण कायदा संमत झाला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात परकीय चलनाचा तुटवडा तीव्र झाल्यावर परवाना-पद्धती अर्थव्यवस्थेच्या केंद्रस्थानी आली. आयातीच्या प्रत्येक अर्जाला दोन कसोट्या लावल्या जात. ती वस्तू उत्पादनासाठी अत्यावश्यक आहे काय आणि ती देशात उपलब्ध नाही काय? वरवर पाहता या कसोट्या तर्कशुद्ध होत्या. परंतु 'अत्यावश्यक' व 'अनुपलब्ध' या शब्दांचा अर्थ ठरवण्याचा अधिकार कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याकडे होता. देशी पर्याय महाग असो वा निकृष्ट असो, तो 'उपलब्ध' आहे असा शेरा पुरेसा असे. येथे नियमापेक्षा शेऱ्याला महत्त्व आले.

के. संथानम यांच्या अध्यक्षतेखालील भ्रष्टाचार प्रतिबंध समितीने १९६४ साली सादर केलेल्या अहवालात या वस्तुस्थितीची स्पष्ट नोंद केली. आयात परवान्याला त्याच्या दर्शनी मूल्याच्या १०० ते ५०० टक्के किंमत येते ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे, असे समितीने नमूद केले. काम वेळेत व्हावे म्हणून दिल्या जाणाऱ्या पैशांकडेही तिने लक्ष वेधले. याच समितीच्या शिफारशीनुसार १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाची स्थापना झाली. म्हणजे देशातील सर्वोच्च दक्षता यंत्रणेच्या जन्मकथेत आयात परवान्यांचा वाटा आहे. पुढे १९७४ मध्ये संसदेत गाजलेल्या पुदुच्चेरी परवाना प्रकरणात काही व्यापाऱ्यांना आयात परवाने मिळावेत म्हणून २१ खासदारांच्या नावे निवेदन सादर झाले होते. त्यातील अनेक सह्या बनावट असल्याचा प्रश्न सभागृहात उपस्थित झाला. परवान्याचे मूल्य किती वाढले होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

जुलै १९९१ नंतर हे चित्र बदलले. १९९२ च्या परकीय व्यापार (विकास व नियमन) कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली. १९९०-९१ मध्ये ३०० टक्क्यांहून अधिक असलेले कमाल आयातशुल्क टप्प्याटप्प्याने खाली येत २००७-०८ मध्ये बिगर-कृषी वस्तूंसाठी सर्वसाधारणपणे १० टक्क्यांवर आले. उपभोग्य वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंधांचा अखेरचा टप्पा १ एप्रिल २००१ रोजी उठवण्यात आला. परवान्यांचा बाजार त्यामुळे जवळपास नाहीसा झाला. ही लाच देणारे व घेणारे अचानक सदाचारी झाले, असे मात्र नव्हे. ज्या अंतरावर तो बाजार उभा होता, ते अंतरच आटले.

५. दुसरे उदाहरण : सोने आणि किनारा

सोन्यावरील निर्बंधांचा हेतू देशी उत्पादकाचे संरक्षण हा नव्हता, तर परकीय चलनाची बचत हा होता. तरीही किमतींतील अंतर व भ्रष्टाचार यांच्या नात्याचे सर्वांत दाहक उदाहरण येथेच सापडते, म्हणून त्याचा विचार करणे उचित ठरेल. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रण लागू झाले आणि १९६८ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला. देशातील सोन्याची मागणी कायद्याने कमी झाली नाही. आखाती बंदरे व कोकण किनारा यांच्या दरम्यान तस्करीची साखळी उभी राहिली. होडीवाले, माल उतरवणारे, वाहतूकदार, सराफ आणि ठरलेल्या रात्री दुसरीकडे पाहणारे शासकीय कर्मचारी हे तिचे दुवे होते. तस्करीविरोधात १९७४ व १९७६ मध्ये कठोर कायदे करूनही ही साखळी तुटली नाही. सुवर्ण नियंत्रण कायदा अखेर जून १९९० मध्ये रद्द झाला.

परंतु तोवर सवय रुजली होती. जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातील दिघी व शेखाडी येथे शस्त्रास्त्रे व आरडीएक्स उतरवण्यात आले. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. या खटल्यात विशेष टाडा न्यायालयाने सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काही जणांनाही दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी दिलेल्या निकालात या यंत्रणांच्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. सोन्या-चांदीसाठी मोकळी सोडली जाणारी वाट पेटीत काय आहे हे विचारत नाही, हा या घटनेचा धडा आहे. अर्थशास्त्रीय तक्त्यांत 'व्यवहार खर्च' म्हणून नोंदली जाणारी लाच येथे मनुष्यहानीच्या रूपाने वसूल झाली.

सोन्यावरील शुल्काचा पुढील इतिहासही उद्बोधक आहे. चालू खात्यावरील तूट वाढल्याने जानेवारी २०१२ ते ऑगस्ट २०१३ या काळात शुल्क २ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर नेण्यात आले. आयात केलेल्या सोन्यापैकी २० टक्के सोने निर्यातदारांसाठी राखून ठेवण्याची योजनाही ऑगस्ट २०१३ मध्ये लागू झाली. ती नोव्हेंबर २०१४ मध्ये रद्द करावी लागली. जुलै २०२२ मध्ये एकूण शुल्क १५ टक्के झाले, तर जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते ६ टक्क्यांवर आणले गेले. चोरट्या मार्गाचा नफा घटावा, ही अपेक्षा या कपातीमागे होती.

६. सीमाशुल्क कार्यालयातील चार प्रश्न

परवाने गेले, तरी स्वेच्छाधिकार पूर्णपणे गेले नाहीत. आयातदार बिल ऑफ एंट्री दाखल करतो, तेव्हा चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात आणि प्रत्येक उत्तराला पैशात मोजता येणारे मूल्य असते.

पहिला प्रश्न वर्गीकरणाचा. वस्तू कोणत्या शीर्षकाखाली मोडते? कच्ची सुपारी आणि सुपारीपासून केलेला पदार्थ यांची शीर्षके व शुल्काचे दर भिन्न आहेत. उकडलेली वा भाजलेली सुपारी नेमकी कोठे बसते, यावर अनेक वर्षे न्यायालयीन वाद चालले. दोन शीर्षकांच्या दरांत जेवढे अंतर अधिक, तेवढे या व्याख्येचे मूल्य अधिक.

दुसरा प्रश्न मूल्याचा. शुल्क मूल्यावर टक्केवारीने आकारले जात असल्यास आयातदाराला मूल्य कमी दाखवण्याचा मोह होतो. याउलट किमान आयात किंमत लागू असल्यास मूल्य वाढवून दाखवण्याचा मोह होतो. जादा दाखवलेली रक्कम अधिकृत मार्गाने परदेशी जाते व हवालामार्गे परतते.

तिसरा प्रश्न मूळ देशाचा. भारत-श्रीलंका करार २००० पासून आणि दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार २००६ पासून अमलात आहे. सदस्य देशात उत्पादित मालाला शुल्कसवलत मिळते. त्यामुळे अन्य देशातील माल सदस्य देशाचा असल्याचे प्रमाणपत्र मिळवण्याला मोठी किंमत येते. या पळवाटेला आळा घालण्यासाठी २१ सप्टेंबर २०२० पासून मूळ देशाच्या पडताळणीचे नवे नियम लागू झाले व सिद्धतेची जबाबदारी आयातदारावर टाकली गेली.

चौथा प्रश्न तपासणीचा. कंटेनर उघडायचा की नाही, उघडल्यास पुढची चार पोती पाहायची की तळापर्यंत जायचे? २००५ पासून लागू झालेली संगणकीय जोखीम व्यवस्थापन प्रणाली आणि २०२० मधील चेहराविरहित मूल्यांकन यांमुळे पहिल्या तीन प्रश्नांवरील व्यक्तिगत संपर्क घटला आहे. माल समोर उभा राहून पाहण्याला मात्र पर्याय नाही. त्यामुळे चौथा प्रश्न अद्याप मनुष्याच्या हातीच राहिला आहे.

७. लाचेचे दोन प्रकार

आंद्रेई श्लायफर व रॉबर्ट विश्नी यांनी १९९३ साली केलेला एक भेद येथे उपयुक्त ठरतो. पहिल्या प्रकारात अधिकारी शासनाचे देणे पूर्ण वसूल करतो आणि वर स्वतःसाठी काही मागतो. दुसऱ्या प्रकारात तो शासनाचे देणेच बुडवतो आणि वाचलेल्या रकमेत वाटा घेतो.

पहिल्या प्रकारात व्यापारी नाडला जातो. कागदपत्रे चोख असूनही कंटेनर अडकतो, गोदामाचे भाडे व जहाज कंपनीचे विलंबशुल्क दररोज चढत जाते आणि नाशवंत माल असल्यास प्रत्येक तास महाग पडतो. असा व्यापारी तक्रार करतो, निदान करू इच्छितो. दुसऱ्या प्रकारात व्यापारी व अधिकारी दोघेही लाभात असतात. तेथे तक्रारदारच नसतो. ज्यांचे नुकसान होते, ते म्हणजे शासनाची तिजोरी आणि देशी उत्पादक, त्या टेबलापाशी उपस्थितच नसतात. श्रीवर्धनच्या बागायतदाराला न्हावा-शेव्यात आपले काय गेले हे कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. त्याला दिसतो तो फक्त पडलेला भाव.

शुल्काचा दर जसा चढतो, तसा दुसरा प्रकार बळावतो. रेमंड फिस्मन व शांग-जिन वेई यांनी २००४ मध्ये हाँगकाँगने चीनला केलेल्या निर्यातीची नोंद व चीनने दाखवलेली आयात यांची तुलना केली. कराचा दर एका टक्का-बिंदूने वाढला की दोन नोंदींतील तफावत सुमारे तीन टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. अधिक कराच्या वस्तू कमी कराच्या शीर्षकाखाली दाखवणे हा या चुकवेगिरीचा एक प्रमुख मार्ग होता. भारताच्या आकडेवारीवर प्राची मिश्रा, अरविंद सुब्रमणियन व पेटिया टोपालोव्हा यांनी २००८ मध्ये केलेल्या अभ्यासातही शुल्कवाढ व शुल्कचुकवेगिरी यांचा धन संबंध दिसून आला. सांद्रा सेकेरा यांच्या २०१६ मधील अभ्यासात दक्षिण आफ्रिका व मोझांबिक यांच्यातील शुल्ककपातीनंतर लाचेचे प्रमाण व रक्कम दोन्ही घटल्याचे दिसले. व्यापार मात्र अपेक्षेइतका वाढला नाही, कारण व्यापारी आधीपासूनच पूर्ण शुल्क भरत नव्हते.

८. तिसरे उदाहरण : सुपारी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुपारीची किमान आयात किंमत प्रतिकिलो २५१ रुपयांवरून ३५१ रुपये करण्यात आली. या किमतीखालील आयातीस सर्वसाधारणपणे मनाई आहे. याचा परिणाम समजून घेण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. पुढील आकड्यांपैकी किमान किंमत व शुल्काचा दर एवढेच वास्तव असून बाकीचे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत.

परदेशातील सुपारी १५० रुपये किलो आहे व देशात ती ४०० रुपये किलोने विकली जाते, असे समजा. कायदेशीर मार्गाने आयात करावयाची तर ३५१ रुपये किंमत आणि तेवढेच शुल्क मिळून खर्च ७०२ रुपये होतो. म्हणजे कायदेशीर मार्ग जवळपास बंद आहे. आता तोच माल १० टक्के शुल्काच्या दुसऱ्याच वस्तूच्या नावाखाली आणला, तर खर्च १६५ रुपये होतो आणि किलोमागे २३५ रुपये उरतात. एका कंटेनरमध्ये २५ टन माल धरला तर ही रक्कम ५८ लाख ७५ हजार रुपये होते. एक कंटेनर न उघडण्याची ही 'किंमत' आहे. अधिकाऱ्याच्या कित्येक वर्षांच्या वेतनाएवढी रक्कम एकाच निर्णयामागे उभी असेल, तर त्याची सचोटी हीच संरक्षणाची एकमेव भिंत उरते. बहुसंख्य अधिकारी ही भिंत राखतात, हेही नमूद केले पाहिजे. गुप्तवार्ता यंत्रणेने वेळोवेळी पकडलेला मालच त्याची साक्ष देतो. तथापि, सर्वांच्या नित्य सचोटीवर विसंबणारे धोरण सदोषच म्हणावे लागेल.

हा धोका निव्वळ काल्पनिक नाही. नागपूर हे सुपारीच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे. तेथील निकृष्ट व बेकायदा आयात सुपारीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला आणि त्यातून केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तपास सोपवला गेला. पुढे सक्तवसुली संचालनालयानेही या व्यापाराची चौकशी केली. इंडोनेशियातील सुपारी बनावट मूळ-प्रमाणपत्रांच्या आधारे किंवा म्यानमारच्या सीमेवरून आणली जाते, हा तपासाचा रोख होता. तपास म्हणजे दोषसिद्धी नव्हे. परंतु वर वर्णिलेल्या चार प्रश्नांपैकी कोणत्या ठिकाणी धोरण गळते, याची दिशा त्यातून निश्चित कळते.

येथे धोरणातील एक अंतर्विरोध लक्षात घ्यावा. चोरटी आयात वाढली की बागायतदार अधिक संरक्षण मागतात. शासन किमान किंमत वाढवते. त्यामुळे अंतर वाढते, चोरट्या मार्गाचा नफा वाढतो आणि आयात आणखी वाढते. प्रामाणिक आयातदार बाजारातून बाहेर पडतो आणि नियम मोडणाराच शिल्लक राहतो.

९. उलट दिशेचा संबंध आणि काही आक्षेप

आतापर्यंत संरक्षणामुळे भ्रष्टाचार कसा वाढतो, हे पाहिले. उलट दिशाही तितकीच महत्त्वाची आहे. जीन ग्रॉसमन व एल्हनन हेल्पमन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार संघटित हितसंबंध राजकीय देणग्यांच्या बदल्यात संरक्षण मिळवतात. पुषण दत्त यांच्या २००९ मधील बहुदेशीय अभ्यासात संरक्षणवादी धोरणे असलेल्या देशांत प्रशासकीय भ्रष्टाचार लक्षणीयरीत्या अधिक आढळला. गुंतागुंतीचा शुल्कतक्ता ज्यांच्या लाभाचा असतो, त्यांना तो सोपा व्हावा असे वाटत नाही. म्हणून एकदा निर्माण झालेला निर्बंध दीर्घायुषी ठरतो.

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, १९९१ नंतरही भ्रष्टाचार संपला नाही. हे खरे आहे. तो जमीन, खनिजे, दूरसंचार लहरी अशा क्षेत्रांकडे वळला. परंतु ही क्षेत्रेही स्वेच्छाधिकाराने वाटप होणारी व मोठे किंमत-अंतर असणारी आहेत. म्हणजे आक्षेपाने मूळ प्रमेयाला पुष्टीच मिळते. दुसरा आक्षेप असा की, लाच हे जाचक नियमांवरील वंगण आहे. गुन्नार मिर्डाल यांनी १९६८ मध्येच याचे उत्तर दिले होते. लाच मिळते म्हणूनच विलंब मुद्दाम निर्माण केला जातो. तिसरा आक्षेप दक्षिण कोरियाचा. तेथे संरक्षण होते, भ्रष्टाचारही होता, तरी औद्योगिक प्रगती झाली. मात्र तेथील शासकीय साहाय्य बहुतांशी निर्यातीच्या कामगिरीशी बांधलेले होते. रहिमतुल्ला आयोगाची विसरली गेलेली तिसरी अटच तेथे वेगळ्या रूपाने पाळली गेली, असे म्हणता येईल.

१०. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) समान उंचीच्या दोन निर्बंधांपैकी परवाना व कोटा यांपेक्षा शुल्क कमी घातक, आणि अनेक दरांपेक्षा मोजके दर कमी घातक ठरतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात औद्योगिक वस्तूंवरील शुल्काचे टप्पे कमी करून शून्यासह आठ ठेवण्यात आले. वर्गीकरणातील सौदेबाजी कमी करणारे हे पाऊल योग्य दिशेचे आहे.

(२) किमान आयात किंमत व उच्च टक्केवारीचे शुल्क एकत्र लावल्यास कायदेशीर मार्ग बंद होऊन सर्व नफा चोरट्या मार्गाकडे वळतो. सुपारीसारख्या वस्तूंवर, जागतिक व्यापार संघटनेच्या बंधनांच्या मर्यादेत, वजनावर आधारित शुल्काचा विचार व्हावा. त्यामुळे निदान मूल्याविषयीचा खोटेपणा निरर्थक ठरेल. वजन व वर्णन यांची पडताळणी तरीही करावी लागेलच.

(३) बंदर, मूळ देश व शीर्षक यांनुसार आयातीची आकडेवारी बागायतदारांच्या सहकारी संघांना समजेल अशा स्वरूपात नियमितपणे प्रसिद्ध व्हावी. तक्रारदार नसलेल्या भ्रष्टाचारात तक्रारदार निर्माण करण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

(४) प्रत्येक संरक्षणास मुदत व पुनर्विलोकनाची तारीख असावी.

(५) बागायतदाराला द्यावयाच्या मदतीचा काही भाग बंदराच्या दारातून न नेता थेट बागेत न्यावा. पुनर्लागवडीचे अनुदान, पीकविमा, रोग-संशोधन ही मदत कोणत्याही कंटेनरच्या तपासणीवर अवलंबून नसते. तीही गळू शकते, हे मान्य. पण तेथे लाभार्थी स्वतः उपस्थित असतो आणि आपले काय राहिले हे त्याला विचारता येते.

वाणिज्य व अर्थशास्त्राच्या अध्यापकांसाठी यात एक शैक्षणिक सूचनाही आहे. शुल्काच्या आकृतीत किंमतरेषा वर सरकते आणि एक आयत 'शासनाचे उत्पन्न' म्हणून रंगवला जातो. तो आयत प्रत्यक्षात कोणाकोणात वाटला जातो, हा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवावा. आपल्या परिसरातील विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या क्लिअरिंग एजंटच्या कार्यालयात बिल ऑफ एंट्री भरतील, काही जण सीमाशुल्क सेवेत जातील. श्रीवर्धनच्या बागेत २०२० नंतर लावलेली रोपे ज्या भावाच्या भरवशावर वाढत आहेत, तो भाव आपल्या सहीवरही अवलंबून आहे, एवढे भान जरी त्यांना वर्गातून मिळाले, तरी आकृतीतील त्या आयताचा अर्थ त्यांना समजला असे म्हणता येईल.